एकटीचे एक्क्याण्णव

शिट्टी वाजताच मुलींनी नीरजाला उचलून घेतलं. एका सामन्यात एकटीने एक्क्याण्णव गुण! जिल्ह्याच्या शालेय बास्केटबॉलमधला हा विक्रम होता.

खाली उतरल्यावर तिला बाकावर बुटांच्या नाड्या सोडणारी तन्वी दिसली. वडिलांची बदली झाल्यामुळे तन्वीचा या संघाकडून हा शेवटचा सामना होता. मध्यंतरात ती म्हणाली होती, "मलाही एक पास दे ना गं." नीरजा "देते" म्हणाली होती. पण सर "तूच टाक!" ओरडत राहिले आणि तिला विक्रमाचा मोह पडला.

"चल, आत्ता टाक. मी पास देते," नीरजा म्हणाली.

"आता कशाला? बाबा थांबलेत." तन्वी पिशवी उचलून निघाली.

फोटोला उभं राहताना नीरजाने शेजारी जागा मोकळी ठेवली. "आत सरक," सर म्हणाले. ती सरकली.