दोघांचा अर्ज

पोस्टाच्या पेटीत दोन पाकिटं होती. पातळ राजनच्या नावाचं, जाड उल्हासच्या. पेटी दोघांत एकच, आणि एल्कच्या अर्जांची पत्रं दर वर्षी राजनच फोडायचा. त्याने आधी जाड फोडलं. आत कोलोरॅडोचा शिकारीचा परवाना होता. उल्हासच्या नावाने, ऑक्टोबर २००१, एक नर एल्क.

शारजाच्या जूनमधल्या उन्हात राजन गाडीला टेकला. पाठीला चटका बसला तरी हलला नाही.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. भारतात शिकार बंद झाली तेव्हा राजनच्या वडिलांनी बंदूक जमा केली, पण पोराच्या डोक्यातलं खूळ कोण जमा करणार? ते दुबईच्या ऑफिसात बर्न्स साहेबांनी पुन्हा जागं केलं. अमेरिकेत बाहेरच्यालाही परवाना मिळतो म्हणाले, सोडत असते, नाव आलं नाही तर दर वर्षी एक पॉइंट वाढतो, आणि ज्याचे पॉइंट जास्त त्याचा नंबर आधी. राजनचे सात झाले होते. उल्हास चार वर्षं उशिरा आला, त्याचे तीन. मिळून अर्ज केला तर ज्याचे कमी, त्याचेच दोघांना धरतात. राजन एकटा केव्हाच जाऊन आला असता. पण दोस्ताला मागे टाकून कसली शिकार? तो आपले सात विसरून तीनवर बसला.

मार्चमध्ये राजनच्या अल मजाजच्या घरी दोघांनी जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले होते. वायोमिंग, न्यू मेक्सिको की कोलोरॅडो? उल्हासनेच नकाशे गुंडाळले.

"या वर्षी खलास. सोडतीत नको उतरायला, नुसता पॉइंट घेऊ. पुढच्या वर्षी दोघं, इन्शाल्ला."

केसाने गळा कापतात तो असा. राजन तडक उल्हासच्या फ्लॅटवर गेला आणि पाकीट त्याच्यासमोर धरलं.

उल्हास आधी ओशाळला. मग खांदे उडवून म्हणाला, "सांगणारच होतो यार. बर्न्स साहेबांना कंपनी हवी होती. एकालाच नेणार होते. प्रमोशनचा टाइम आहे, बॉसला नाही कसं म्हणायचं?"

"मला एका शब्दाने सांगितलं नाहीस."

"तू तोंड पाडून बसला असतास. आणि खरं सांगू? मीसुद्धा सेकंड चॉइस. साहेबांनी आधी दुसऱ्या कुणाला तरी विचारलं होतं. नाव नाही सांगितलं. तो येडा नको म्हणाला! असला चान्स कोण सोडतं रे?"

राजनने पाकीट टीपॉयवर ठेवलं. फेब्रुवारीत साहेबांच्या केबिनमध्ये, त्यांच्याच खुर्चीसमोर उभं राहून तो म्हणाला होता, "उल्हासला सोडून मी कसा येऊ, सर?"