भिंगरीचं घरटं

धसईच्या सकुबाईच्या ओटीवर, छताला चिकटून, भिंगरी पाखरांच्या जोडीने सुरईसारखं मातीचं घरटं बांधलं होतं. खाली फरशीवर दिवसभर शिट आणि पिसं पडत. शेतावरून आली की सकुबाई आधी ओटी पुसायची, मग चुलीकडे वळायची.

एका दुपारी तिने काठी उचलली.

"आज पाडतेच याला. आता वाकवत नाय माझ्यानं."

बाकड्यावर आडवा झालेला तिचा नवरा धाकलू दचकून उठला. "पिल्लं हायेत गो आत! पाप लागंल."

"मंग तुमी पुसा."

धाकलू परत आडवा झाला. पण दुसऱ्या सकाळी त्याने खरंच बादली भरली. फडकं नीट पिळता येत नव्हतं, त्यामुळे सगळीकडे पाणी झालं. तरी रोज सकाळ-संध्याकाळ तो पुसत राहिला. तेवढा वेळ सकुबाई बाकड्यावर पाय लांब करून बसायची. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिचा चहा गरम असताना पिऊन होत होता.

पिल्लं मोठी झाली, घरट्याच्या तोंडाशी येऊन चिवचिवू लागली, आणि एक दिवस उडून गेली. धाकलूने कंबर धरत काठी आणली.

"घरटं रिकामं झालं गो. आता पाडतो."

सकुबाईने कप खाली ठेवला.

"र्‍हाऊ द्या. याच घरट्यात ही पाखरं परत अंडी घालतात म्हनं."