चाकामागचा दगड

"सिस्टर, डिकीत हा दगड कशाला?"

आमच्या आरोग्य केंद्राच्या सिस्टर जुनी गाडी विकण्याआधी माझ्या गॅरेजात तपासायला घेऊन आल्या होत्या. दगड नारळाएवढा होता आणि टायर घासून एका बाजूने काळा पडला होता.

"चढावर गाडी उभी केली की चाकामागे लावतो."

"अहो, गिअर टाकून हँडब्रेक ओढला की आपल्या चढाला पुरतं."

त्यांनी बाहेर बाकावर बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सासूबाई गेल्या आणि आबा खुर्चीतून उठेनात. मग मी थाप मारली. म्हटलं, गाडी गिअरमध्ये उभी केली की इंजिन झिजतं, मला वाड्यांवर जाताना दगड लावायला कुणीतरी हवं. नऊ वर्षांत त्यांनी एक फेरी चुकवली नाही."

तेवढ्यात आबा आत आले. दगड उचलून त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसला. "नवी गाडी विकणारा म्हणतो, गिअरमध्ये ठेवली तरी इंजिनाला काही होत नाही. दगड लागतच नाही म्हणे. खरं काय ते तू सांग."

सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. तीस वर्षांत इंजिनाबद्दल मी कुणाशी खोटं बोललो नव्हतो, आणि त्याचा मला माज होता.

"त्याला काय, गाडी खपवायची आहे," मी म्हणालो. "नवं इंजिन जास्त नाजूक असतं, आबा. आणि गाडी मोठी. तिला हा दगड पुरायचा नाही."

आबा परत बाकावर बसलेच नाहीत. मोठा दगड बघायला थेट मागच्या ओढ्याकडे निघाले.