प्लंबरची तपासणी

“हे असलं मी करणार नाही,” प्लंबर म्हणाला आणि त्याने पुडकं टेबलावरून बायकोकडे सरकवलं.

पुडक्यात बोटाएवढी नळी होती. तिच्या झाकणाला आतून काडी. काडी शौचाला लावायची, परत नळीत घालायची, झाकण घट्ट फिरवायचं. डोळ्यांना न दिसणारं रक्तसुद्धा यात सापडतं, असं आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने सांगितलं होतं. पन्नाशी उलटलेल्यांना केंद्र ही पुडकी फुकट वाटत होतं. बायकोला पन्नाशीला अजून अवकाश होता, त्यामुळे घरात एकच आलं.

“लोकांची तुंबलेली गटारं कोपरापर्यंत हात घालून मोकळी करता,” बायको म्हणाली, “आणि स्वतःची काडीभर घाण बघवत नाही?”

“ती लोकांची असते. तिचं काही वाटत नाही.”

“भाऊजींनाही मूळव्याधच वाटत होती.”

प्लंबरचा थोरला भाऊ मागच्या वर्षी गेला होता. कितीतरी महिने रक्त जात होतं आणि तो तिखट सोडून स्वस्थ बसला होता. दुर्बीण घातली तेव्हा कॅन्सर आतड्याबाहेर पसरलेला होता. सख्ख्या भावानेही तपासून घ्यावं, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. प्लंबरने मान डोलावली होती आणि दुसऱ्या दिवशी पाना घेऊन कामावर गेला होता.

भाऊजी गेल्यापासून दोन्ही घरं सुन्न होती. जाऊबाई अजून दोघांचा चहा करत आणि एक कप मोरीत ओतून देत. प्लंबरच्या बायकोला एकच भीती होती, आणि ती तिने नवऱ्याला तोंडावर सांगितली होती: दुसरा कप मला ओतायचा नाहीये.

पुडकं टेबलावरून कपाटावर गेलं, कपाटावरून परत टेबलावर आलं. शेवटी एका सकाळी प्लंबर बाथरूममधून तणतणत बाहेर आला.

“झालं तुझ्या मनासारखं. खिडकीत ठेवलंय. आता पुन्हा या विषयाचं नाव काढायचं नाही. एकदा म्हणजे एकदाच.”

तो कामावर गेल्यावर बायको बाथरूममध्ये गेली. थोडा वेळ नुसती उभी राहिली. मग खिडकीची कड फडक्याने पुसली आणि केंद्रात गेली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा केंद्रात गेली.

“दोन खेपा कशाला?” प्लंबरने विचारलं. “काल घेतली नाही का त्यांनी नळी?”

“आज घेतली.”

सिस्टरचा फोन आला तेव्हा ती लॉन्ड्रीत इस्त्री करत होती.

“काकू, रक्त सापडलंय. म्हणजे कॅन्सरच आहे असं नाही हं. पण दुर्बिणीने बघायलाच हवं. काकांना लवकर घेऊन या.”

“बरं,” ती म्हणाली.

तिच्या हाताखाली शर्ट करपला. मालक ओरडला तेव्हा तिला वास आला. घरी जिना चढताना ती मध्येच पायरीवर बसली. हल्ली तिला धाप लागायची. घरात गेल्यावर रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही.

“सिस्टरचा फोन होता,” तिने नवऱ्याला सांगितलं. “रक्त सापडलंय.”

प्लंबरच्या तोंडचं पाणी पळालं. वाद घालायचंही तो विसरला.

“कधी जायचं?” एवढंच त्याने विचारलं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात तो कुठल्याच गोष्टीला एका शब्दात तयार झाला नव्हता.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी त्याला पोट साफ करायचं औषध प्यावं लागलं. आत-बाहेर करून तो घायकुतीला आला.

“जन्मभर लोकांच्या लायनी साफ केल्या, आज माझा नंबर,” तो म्हणाला. ती हसली. आपण हसलो याचं तिलाच नवल वाटलं.

“मग इतके दिवस अशी दगडासारखी का? मी काय मरायला टेकलोय?”

“तुमचं उद्या होऊन जाऊ दे. मग बोलू.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला आत बोलावलं.

“दोन पॉलिप होते. आतड्यातले कोंबच म्हणा, मसुराएवढे. काढून टाकलेत, तपासायलाही पाठवलेत, पण दिसायला साधे आहेत. तसेच राहिले असते तर काही वर्षांनी भावासारखी गत झाली असती. वेळेवर आणलंत त्यांना.”

पडद्यापलीकडे प्लंबर गुंगीतून बाहेर येत होता. “सांगा तिला, पाइप नवाकोरा आहे म्हणून!” तो नर्सला म्हणाला. बायकोचे खांदे सैल झाले.

“एकच गोष्ट कळत नाही,” डॉक्टर म्हणाले. “एवढ्याशा पॉलिपमधून तेवढं रक्त यायला नको. बाकी आतडं स्वच्छ आहे. मग रक्त आलं कुठून?”

बायकोने पडदा नीट ओढून घेतला आणि डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसली.

“त्यांची नळी सांडली होती. पुन्हा भरायला ते मेले तरी तयार झाले नसते,” ती हळूच म्हणाली. “नवी आणून मी माझीच भरून दिली. ते रक्त माझं आहे.”