फोनची वेळ

“चाचा, तुम्ही चुकताय,” टेलिफोनवाला अमोघ म्हणाला. “ब्रॉडबँड घ्या. नेट पळेल, आणि नेट चालू असतानाही फोन येत राहील. या जुन्या डायल-अपमध्ये नेट लावलं की फोन अडकतो. करणाऱ्याला एंगेज लागतो.”

“दर बारीला लागतो?” चाँदभाईंनी विचारलं.

“दर वेळी.”

“मग त्येच दे.”

अमोघने कपाळाला हात लावला. साल दोन हजार सहा, ब्रॉडबँड नुकतंच कुठे पौडपर्यंत आलेलं. आणि चाँदभाई म्हणजे पौडच्या बाजारपेठेतले हार्डवेअरवाले, साधी बिजागरीसुद्धा दहादा उघडझाप करून घेणारे. असा माणूस या वयात गंडला, म्हणून बाजार आठवडाभर हसला. हसणाऱ्यांचं काय जातंय!

बाजाराला त्यांच्या घरातली रविवारची दुपार ठाऊक नव्हती. मुलगा शहनवाज बावधनला, कॉम्प्युटरच्या कंपनीत. म्हणजे तासाभराचीसुद्धा वाट नाही. तिकडे राहायला गेला तेव्हा आपला जुना कॉम्प्युटर मागे ठेवून गेला, आणि आईला, कमरबींना, म्हणाला, “दर रविवारी चारला फोन करीन.” सुरुवातीला केलाही. मग बंद. कमरबींनी स्वतः लावला तर, “अम्मी, कामात हाय, मी करतो,” आणि खट्. पुढे त्यांनी लावणंच सोडलं. पण चार वाजत आले की त्या फोनशेजारी तांदूळ निवडत बसत, तेही निवडलेलेच. मधूनच रिसीव्हर कानाला लावून बघत. फोन बिचारा कधी बिघडलेला नसे. चाँदभाईंना ते बघवत नसे. पोराचा राग येई, आणि तो कुणावर काढताही येत नसे.

डायल-अप आलं तसं रविवारी चारच्या आधीच चाँदभाई नेट लावून बसू लागले. नेटवर त्यांचं काम काय, तर काही नाही. एक पान उघडेपर्यंत चहा निवून जाई. दिवेलागणीला बंद करताना ते मुद्दाम मोठ्यानं म्हणत, “केला आसंल त्यानं. एंगेज लागला आसंल.”

“व्हय, लागला आसंल,” कमरबी म्हणत आणि तांदळाचं ताट उचलून आत जात. तेव्हापासून त्यांचं रिसीव्हर कानाला लावणं थांबलं.

बायको भोळी आहे, तिला काही कळलेलं नाही, असं चाँदभाईंना वाटे. आपल्या युक्तीवर ते खूश होते.

एका रविवारी जेवण अंगावर आलं आणि त्यांचा डोळा लागला. कॉम्प्युटर बंद. फोन मोकळा. खांद्याला हात लागला तसे ते दचकून उठले. समोर ताट घेऊन कमरबी उभ्या होत्या. नजर घड्याळावर.

“आवो, उठा की,” त्या म्हणाल्या. “नेट लावा लवकर. त्याच्या फोनची येळ झाली.”