अध्यक्षांची भूक

लगोरी महासंघाचा नवा नियम असा होता की अध्यक्षपदाच्या उमेदवाराने आधी एखाद्या खेळाडूचा अंतिम सामन्याचा दिवस स्वतःच्या अंगात सोसायचा. अण्णासाहेब दाभोळे चौथ्यांदा उभे होते. खेळाडूचा तो दिवस अंगात उतरवणारा पट्टा मनगटावर बांधला आणि पाच मिनिटांत त्यांनी पोट धरलं.

"ॲसिडिटी वाढली वाटतं."

"नाही हो अण्णा, भूक आहे ती," कप्तान वैजयंती हळूच म्हणाली. "माझी. त्या दिवशी आमच्यापर्यंत जेवण उरलंच नव्हतं."

अण्णांना तो दिवस नीट आठवत होता. बासुंदीत साखर कमी म्हणून त्यांनी वाटी परत पाठवली होती.

मान वर न करता त्यांनी अर्ज मागे घेतला. मग विचारलं, "आज तरी जेवलीस ना, पोरी?"

"जेवेन की," ती म्हणाली. "आधी तुम्हा पदाधिकाऱ्यांची पंगत उठू दे."