टीचरच्या दंडावरचे डाग

"थांबा मम्मी, बाही खाली करू नका."

फेलिशियाने सासूचा हात उजेडात धरला. डाव्या दंडावर चार निळे डाग, एका रांगेत. पाचवा जरा लांब, आतल्या बाजूला.

"लेस्टर, इकडे ये! बोटं आहेत ही."

लेस्टर अर्धी दाढी तशीच ठेवून आला. "मम्मी, कोणी धरलं तुला?"

क्लेमेंटीन टीचर भिंतीकडे बघत राहिल्या. "कोणी नाही रे. तू जा. उशीर होईल तुला."

टीचरना लकवा मारला त्याला पाच महिने झाले होते. जीभ सुटली, पाय काठीवर चालायला लागला, पण डावा हात लाकडासारखा. लेस्टर आणि फेलिशिया सातला घर सोडायची, रात्री आठला परत यायची. दुपारचा डबा खाटेपाशी झाकलेला. दिवसभरात या घरात एकच माणूस यायचं. दहा वाजता, शेजारच्यांकडून चावी घेऊन. हेलन मालीशवाली, पाचूबंदरची.

"तीच," फेलिशिया म्हणाली. "अजून कोण येतं इथे?"

त्या दिवशी लेस्टर ऑफिसला गेलाच नाही. खुर्ची ओढून खाटेपाशी बसला.

हेलन दाराशी थबकली. पन्नाशीची बाई, मनगटं ही जाड. "बाबा, तू घरी? बरा नाय काय?"

"बरा आहे. बघतोय तुम्ही काय करता ते."

"बघ की. फुकट शिकशील." तिने खोबरेल कोमट केलं, तळव्यावर घेतलं. "हे पयलं. हलकं हलकं, बोटांकडून वर. सूज उतरते, रगत फिरतं. मग खांद्याचं मळायचं, कनीक मळतो तसं, आखडलेलं सुटतं. मग एकेक बोट सरल करायचं, नाय तर मूठ वळते ती वळलेलीच ऱ्हाते."

"आणि जोरात दाबता कधी?"

"जोर? टीचरच्या गोल्यांनी रगत पातल झालंय. जरा दाबलं का डाग पडतो. डॉक्टरनी सांगितलंय मला, पोटरी गरम लागली, सुजली, तर हात पन नाय लावायचा. सरल दवाखाना."

डाग पडतो. शब्द तिच्याच तोंडून निघाला. लेस्टरने तो मनात ठेवला.

"टीचर, आज पोरगा बसलाय म्हनून तोंड उघडलंय तुमचं," हेलन हसली. "रोज मी बोलते न् भिंत ऐकते."

खरंच टीचर त्या दिवशी खूप बोलल्या. लेस्टर लहानपणी विहिरीत चप्पल टाकायचा, ते सांगितलं. जेवण गरम खाल्लं. दुपारी लेस्टरने केस विंचरून दिले. त्याला वाटलं, बिचारीला धीर आला आपण आहोत म्हणून.

दुसऱ्या दिवशी फेलिशियाने रजा टाकली. तिसऱ्या दिवशी नायगावहून एलिसा आली, लेस्टरची मोठी बहीण. एरवी महिन्यातून एकदा उभ्या उभ्या यायची, ती बॅग घेऊनच आली. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरीची प्रार्थना म्हटली. या घरात कितीतरी दिवसांनी.

चौथ्या दिवशी सकाळी नवे डाग होते.

"मी समोर बसलेले काल!" एलिसा म्हणाली. "डोळे मिटले नाहीत मी."

"डोळे मोबाईलमध्ये होते तुझे," लेस्टर म्हणाला. "टॉवेल टाकते ना ती अंगावर. टॉवेलखाली काय करते, कोणाला दिसतंय?"

"पण कशाला करेल रे?"

"ते तिलाच माहीत. मम्मी, तू सांग. हेलनने केलं?"

टीचरने गास गावातल्या तीन पिढ्यांना बाराखडी शिकवलेली. खोटं बोलणाऱ्या पोराला बाकावर उभं करायच्या. त्या हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. डोळे भरून आले आणि मान भिंतीकडे वळली.

झालं. अजून काय पाहिजे?

हेलन आली तेव्हा तिघं दारातच उभी होती.

"उद्यापासून येऊ नका," लेस्टर म्हणाला.

"काय झालं? टीचरचा अंगठा हलाया लागलाय बाबा. परवा हालला. आता सोडलं तर सगलं पान्यात."

"तुम्हाला माहीत आहे काय झालं ते."

हेलनने खाटेपाशी जाऊन डाग बघितले. बराच वेळ बघितले. मग टीचरच्या तोंडाकडे बघितलं. "टीचर, तुमी बोला. गावात माझी अजून चार घरं हायत. हे बाहेर गेलं तर मला कोन हात लावू देईल अंगाला?"

टीचरनी उजव्या हाताने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"बरं," हेलन म्हणाली. तेलाची बाटली तिने तिथेच ठेवली. "खांदा तेवढा हलवत ऱ्हावा त्यांचा. आखडंल."

बाहेर गेलंच ते. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर देवळाच्या अंगणात फेलिशियाने दोघींना सांगितलं, दोघींनी आणखी चौघींना. आठवड्यात हेलनची गासची चारही घरं बंद झाली.

इकडे डागही गेले. निळ्याचे हिरवे, हिरव्याचे पिवळे, मग काहीच नाही. घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. एलिसा नायगावला निघून गेली. फेलिशियाची रजा संपली. सोमवारी लेस्टरने डबा खाटेपाशी झाकून ठेवला, आईच्या कपाळाला ओठ लावले.

"आता कसली भीती नाही मम्मी. गेली ती."

"संध्याकाळी लवकर येशील?"

"बघतो."

कुलूप लागल्याचा आवाज आला. फाटक वाजलं, स्कूटर सुरू झाली, गल्लीच्या टोकाला गेली, ऐकू येईनाशी झाली. क्लेमेंटीन टीचर तेवढा वेळ थांबल्या. मग त्यांनी उजव्या हाताने डावी बाही वर सारली, दंड मुठीत धरला आणि दातओठ खाऊन दाबला.